चाकाची पकड, पट्ट्याची पकड आणि आपले डिझेल
(शेतकी खात्याकडून : ऊस विकास अधिकारी)



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "साहेब, खोल नांगरटीला ट्रॅक्टर कमी पडतो, जास्त अश्वशक्तीचा घ्यावा काय?" दुसरा, "भरलेली ट्रॉली चढाला ओढत नाही, इंजिनात दम राहिला नाही, हेड उतरवावे काय?" अशा वेळी आम्ही एकच उलट प्रश्न विचारतो. इंजिन बंद पडते, की चाक जागेवर फिरते? इंजिन दबून बंद पडत असेल तर शक्ती कमी आहे. चाक जागेवर गरगर फिरत असेल तर शक्ती भरपूर आहे, फक्त ती जमिनीपर्यंत पोचत नाही. बैल दांडगे आहेत, पण चिखलात खूर ठरत नाहीत, असा हा प्रकार. अशा वेळी दावणीला आणखी दोन बैल बांधून काय उपयोग?

शक्ती एका भागातून दुसऱ्या भागात कशी जाते, हे समजून घेतले तर डिझेल, टायर आणि वेळप्रसंगी माणसाचा जीवसुद्धा वाचतो. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

दात्यांची रीत आणि दाबाची रीत

यंत्रात शक्ती पुढे नेण्याच्या मुख्य रीती दोन. एक दात्यांची. गियरचे दाते एकमेकांत अडकतात, सायकलची साखळी चक्राच्या दात्यात बसते. येथे घसरण्याचा प्रश्न नाही. ताण फारच झाला तर दाता मोडेल, पण घसरणार नाही.

दुसरी रीत नुसत्या दाबाची. दोन गुळगुळीत वस्तू एकमेकींवर दाबल्या आणि एक फिरवली की दुसरीही फिरते. आगगाडीचे चाक रुळावर, ट्रॅक्टरचे टायर जमिनीवर, इंजिनाचा पट्टा पुलीवर आणि आपल्या मिलचा रोलर उसावर, ही सगळी याच कुळातली. येथे एकच हिशोब चालतो. जेवढा दाब, त्याला घर्षणाच्या आकड्याने गुणले की येते ती जास्तीत जास्त ओढ. त्यापलीकडे एक किलोही मिळत नाही, मग मागे इंजिन कितीही मोठे लावा.

वाणगावच्या रुळावर

या रीतीचा चोख नमुना पाहायचा तर पश्चिम रेल्वेवर पाहावा. आपल्यापैकी पुष्कळ मंडळी चैत्रात डहाणूच्या महालक्ष्मीच्या यात्रेला जातात. त्या वाटेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मध्ये वाणगाव स्टेशन लागते. मुलूख मिरची-भाजीपाल्याचा, उसाचा नव्हे. मुंबईची लोकल २०१३ साली डहाणू रोडपर्यंत गेली, तेव्हापासून ती वाणगावलाही थांबते. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मात्र न थांबता धडधडत निघून जातात. फलाटावर उभे राहून त्या गाडीच्या इंजिनाची चाके पाहावीत.

अशा गाड्यांना लागणारे डब्ल्यूएपी-७ जातीचे विजेचे इंजिन १२३ टन वजनाचे असते. त्याला सहा आस, म्हणजे बारा चाके. एका चाकावर सुमारे दहा टन भार येतो. चाक पोलादाचे, रूळ पोलादाचा, आणि दोघे एकमेकांना टेकतात ती जागा फार तर एखाद्या नाण्याएवढी. तेवढ्याशा बारा जागांवरून हे इंजिन सुरुवातीला सुमारे ३३ टनांची ओढ देते. म्हणजे वजनाच्या चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त. इंजिन मुद्दाम जड ठेवतात ते याचसाठी. हलके केले तर मोटारींत जोर असूनही चाके जागेवर फिरतील.

मग चाकाला दाते आणि रुळाला खाचा का करीत नाहीत? कारण गुळगुळीत पोलादावर गाडी फार हलकी चालते. सपाटीवर सावकाश चालताना एक टन ओझ्याला रुळावर दोन-तीन किलो ओढ पुरते. डांबरी रस्त्यावर ट्रॉलीला टनामागे पंधरा-वीस किलो लागते आणि ओल्या शेतात साठ ते शंभर किलो. पकड थोडी, पण ओझेही हलके, म्हणून रेल्वेचा हिशोब जमतो.

आता यातली खरी गोम पाहा. ओढ देताना चाक रुळावर अगदी किंचित घसरतच असते. शंभर मीटर पुढे जायला चाक शंभरापेक्षा मीटर-दीड मीटर जास्त फिरते. एवढी घसर म्हणजे दोष नव्हे, तिच्याशिवाय ओढच निर्माण होत नाही. घसर थोडी वाढली की ओढही वाढते, पण एका हद्दीपर्यंतच. ती हद्द ओलांडली की उलटे होते. चाक जास्त फिरते आणि ओढ कमी होते. पावसाची पहिली भुरभुर पडून रूळ नुसते ओले झाले की ही हद्द फार लवकर येते. चांगला जोराचा पाऊस झाला तर रूळ धुऊन निघतात आणि उलट थोडे बरे होते.

म्हणून नव्या इंजिनांत अशी विजेची व्यवस्था असते की चाक सुटू लागले की मोटारीचा जोर क्षणभर कमी केला जातो आणि चाक पुन्हा पकडले की वाढवला जातो. शिवाय चाकापुढे रुळावर वाळू सोडण्याची सोयही असते. एवढे मोठे इंजिन, पण चाक सुटले की ते जोर वाढवीत नाही, कमी करते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ट्रॅक्टरला लागू करायची आहे.

तारापूरचा पत्रा आणि आपला ऊस

वाणगावच्या अलीकडचे स्टेशन बोईसर. तेथील तारापूर औद्योगिक वसाहतीत पोलादाचे पत्रे व तार करणारे कारखाने आहेत. पत्रा पातळ करताना तो दोन रोलरांच्या फटीत जातो. त्याला आत ढकलून पातळ करीत नाहीत, रोलर स्वतःच पकडीने आत खेचतात. फट फार अरुंद केली किंवा रोलर फार लहान घेतला, तर पत्रा तोंडाशी अडतो आणि रोलर नुसते घासत फिरतात.

आपल्या कारखान्याच्या मिलमध्ये हेच घडते, फक्त पत्र्याच्या जागी ऊस असतो. एका मिलला तीन रोलर. वरचा टॉप, खाली पुढे फीड आणि मागे डिस्चार्ज. टॉप रोलरवर तेलाच्या दाबाने प्रचंड भार दिलेला असतो. ऊस आधी कापून, फोडून त्याचा चोथा करतात, कारण अखंड मोळी रोलर नीट धरीत नाहीत. रोलरला खाचा असतात आणि त्या खाचांच्या दात्यांवर वेल्डिंगचे खरबरीत ठिपके मारतात. त्याला कामगार आर्किंग म्हणतात. ते ठिपके झिजून रोलर गुळगुळीत झाला की मिल ऊस 'घेत' नाही, चोथा तोंडाशी तुंबतो. तसेच दाबलेला रस निघून जायला वाट लागते. रस अडला तर तोच वंगणासारखा होतो आणि रोलर घसरतो. म्हणून फीड रोलरला रस वाहून जाण्यासाठी वेगळ्या खोल खाचा देतात. ट्रॅक्टरच्या टायरचे उंच गट्टू आणि त्यांमधली मोकळी जागा यांचे कामही असेच आहे. गट्टू जमिनीत रुततात आणि चिखल मधून बाहेर निघून जातो.

शेतकी खाते स्वच्छ ऊस मागते त्याचे एक कारण येथे आहे. मोळीबरोबर आलेली माती रोलरचे दाते कानशीसारखी घासते. पकड कमी झाली की गाळप मंदावते आणि तुमची ट्रॉली अड्ड्यावर ताटकळते. तेव्हा माती झटकून मोळी बांधणे हे शेवटी सभासदाच्याच फायद्याचे आहे.

इंजिनाचा पट्टा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तेथून लोखंडी नांगर आणि चरक गावोगाव गेले. पुढे बैलांच्या जागी इंजिन आले, आणि इंजिनापासून चरकापर्यंत शक्ती नेऊ लागला तो सपाट पट्टा. आजही काही गुऱ्हाळांत तो दिसतो.

पट्ट्याचा हिशोब असा. एक बाजू ताठ, एक बाजू सैल. दोन्हींच्या ताणातला फरक तेवढा कामाचा. पट्टा पुलीला अर्धा वेढा घालत असेल आणि घर्षणाचा आकडा ०.३ असेल, तर ताठ बाजूचा ताण सैल बाजूच्या फार तर २.६ पट होऊ शकतो. सैल बाजूला २० किलो असेल तर ताठ बाजूला ५२, कामाचे ३२. पट्टा सेकंदाला १५ मीटर वेगाने पळत असेल तर ही सुमारे साडेसहा अश्वशक्ती झाली. आता पुलीवरचा वेढा वाढवून २१० अंश केला, तर तीच पट तीन होते. कामाचे ४० किलो, म्हणजे आठ अश्वशक्ती. पट्टा तोच, ताण तोच, फक्त वेढा वाढला.

म्हणून सैल बाजू वर ठेवावी. ती झोळ घेते आणि वेढा वाढतो. ती खाली ठेवली तर झोळ खाली लोंबतो आणि वेढा घटतो. आडवा म्हणजे तिढा देऊन टाकलेला पट्टाही वेढा वाढवतो, पण त्याने पुली उलट दिशेने फिरते हे ध्यानात ठेवावे. पट्टा घसरला की राळ लावण्याची सवय आहे. घटकाभर काम भागते, पण वारंवार लावल्यास पट्ट्यावर खर धरते आणि तो लवकर खराब होतो. व्ही-पट्टा खाचेत पाचरीसारखा बसतो, त्यामुळे त्याची पकड त्याच ताणावर सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट पडते. कोणताही पट्टा असो, त्याला जाळीचे आवरण हवेच. धोतराचा सोगा किंवा पदर अडकायला क्षण पुरतो.

तेलातून जाणारी शक्ती

आता जरा नवलाची गोष्ट. दाते नसलेली दोन गुळगुळीत पोलादी चाके तेलात बुडवून त्यांतून शक्ती नेता येते. यंत्रशास्त्रात यालाच ट्रॅक्शन ड्राइव्ह म्हणतात. तेल म्हटले की आपल्याला घसरणे आठवते. पण दोन चाके एकमेकांवर इतकी दाबतात की टेकण्याच्या जागी वातावरणाच्या दहा हजार पट दाब होतो. त्या दाबाखाली तेलाचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ राहतो आणि क्षणभर घट्ट, जवळजवळ घनासारखा होतो. एक चाक त्या थराला ओढते, थर दुसऱ्या चाकाला ओढतो. पोलाद पोलादाला घासत नाही, म्हणून झीज कमी आणि आवाज जवळजवळ नाही.

याचा मोठा गुण असा की चाक सरकवून टेकण्याची जागा बदलली की वेग पाहिजे तसा कमी-जास्त करता येतो. दुसरा, तिसरा असे गियरचे टप्पे लागत नाहीत. अमेरिकेत चार्ल्स हंट यांनी अशा रचनेचे पेटंट १८७७ साली घेतले होते. ती प्रत्यक्ष मोटारीत आणायला शंभराहून जास्त वर्षे गेली. जपानच्या निसान कंपनीने १९९९ साली आपल्या मोठ्या मोटारींत असा ड्राइव्ह बसवला, पण काही वर्षांतच तो बनवणे थांबले.

अडचण कोठे आहे? पुन्हा तोच हिशोब. तेलातला पकडीचा आकडा खास तेल घेतले तरी ०.१ च्या आसपास, साध्या तेलाला त्याच्या निम्मा. म्हणजे शंभर किलोची ओढ पाहिजे तर हजार किलोहून जास्त दाबावे लागते. तेल तापले की पकड आणखी घटते, तेव्हा आराखडा करणाऱ्याला तापलेल्या तेलाचा आकडा धरून वर थोडी सूट ठेवावी लागते. एवढा दाब सोसायचा तर बेअरिंग जाड, पोलाद उंची आणि घडण अचूक पाहिजे. खर्च वाढतो तो येथे.

दाब सतत जास्तीत जास्त ठेवला तर हलक्या कामातही यंत्र विनाकारण झिजते. कमी ठेवला तर अचानक झटका आला की घसरते, आणि एकदा घसरले की गुळगुळीत पृष्ठभाग खरवडून कायमचा बिघडतो. म्हणून चांगल्या रचनेत उतरत्या पाचरीसारखी चकती बसवतात. ओढ वाढली की पाचर आपोआप जास्त दाबते, ओढ कमी झाली की सैल होते. फासाची गाठ ओढू तशी आवळत जाते, तसेच हे.

असे यंत्र आपल्या शेतावर येवो न येवो, ते आखणाऱ्याचे तीन प्रश्न मात्र आपल्या उपयोगाचे आहेत. सर्वांत वाईट वेळी पकड किती राहील? त्या पकडीला पुरेसा दाब आहे काय? आणि घसरलेच तर नुकसान कोठे होईल?

आता आपला ट्रॅक्टर

समजा ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीचा आहे आणि मागच्या चाकांपर्यंत चाळीस पोचते. ताशी चार किलोमीटर वेगाने नांगरताना एवढ्या शक्तीतून २७०० किलोची ओढ निघायला हवी. पण मागच्या चाकांवर भार १५०० ते १८०० किलो आणि नांगरटीच्या रानात पकडीचा आकडा ०.५ धरला, तर चाक ७५० ते ९०० किलोवरच घसरते. इंजिन २७०० द्यायला तयार, जमीन ९०० घेते. अशा ट्रॅक्टरला जड अवजार लावून हळू चालवणे म्हणजे डिझेल जाळणे. त्यापेक्षा पेलेल एवढेच अवजार लावून वेग थोडा वाढवावा, तीच शक्ती कामी येते.

घसर मोजणे सोपे आहे. मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार उचलून त्याच रानात चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जाते ते टेपने मोजा. मग अवजार लावून दहा फेऱ्यांचे अंतर मोजा. पहिले ४० मीटर आणि दुसरे ३४ मीटर आले, तर सहा मीटर गेले, म्हणजे १५ टक्के घसर. नांगरलेल्या भुसभुशीत रानात १० ते १५ टक्के चालते. दुसरे अंतर २८ मीटर आले तर घसर ३० टक्के, म्हणजे दहा फेऱ्यांतल्या तीन फुकट. उलट घसर पाच टक्क्यांच्या खाली असेल तर ट्रॅक्टरवर वजन जास्त झाले आहे असे समजावे.

घसर जास्त असेल तर टायरात पाणी भरणे, चाकाला वजने लावणे आणि शेतात हवा थोडी कमी ठेवणे हे उपाय आहेत. हवा किती, ते टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे पाहावे, आणि रस्त्यावर येताना पुन्हा भरावी. पण दाब वाढवण्याचीही किंमत असते. जड ट्रॅक्टर ओल्या खोडव्यात घातला तर सरीची माती दबते, मुळांना हवा मिळत नाही आणि फुटवा कमी येतो. म्हणून नांगरटीला भरलेले पाणी पुढच्या कामाआधी काढावे. नांगरटीला जे बरे, ते खोडव्याला बरे नव्हे.

ट्रॉलीचा हिशोब, जरा सावकाश वाचावा

चार चाकी ट्रॉलीचा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येत नाही. तेव्हा पकड ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचीच. मागच्या चाकांवर १५०० किलो धरले तर कोरड्या डांबरावर सुमारे १०५० किलो ओढ मिळते. रस्त्यावर चिखल सांडला असेल किंवा पहिली सर पडली असेल तर ६०० धरावी.

दोन ट्रॉल्या मिळून १५ टन. वीस मीटरला एक मीटर चढ असलेल्या रस्त्यावर त्यांना आणि दोन टनांच्या ट्रॅक्टरला मिळून जवळजवळ १२०० किलो ओढ लागते. कोरड्या रस्त्यावरसुद्धा चाक घसरणार. यात इंजिनाचा काय दोष? एकाच ट्रॉलीला सुमारे ६६५ किलो लागते. कोरड्यात निघेल, चिखलात अडेल.

चाक घसरू लागले की चालक जोरात रेस देतो. वाणगावच्या रुळावरचे इंजिन नेमके उलटे करते. आपणही रेस कमी करावी आणि चाक पकडते काय ते पाहावे. न पकडल्यास थांबून चाकांना दगड लावावेत आणि एक ट्रॉली सोडावी. रेस देत राहिल्यास टायर खड्डा करते, पुढची चाके उचलू लागतात आणि ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका राहतो.

उतार तर चढापेक्षा वाईट. ट्रॉलीला ब्रेक नसले की १७ टनांचे ओझे ट्रॅक्टरच्या त्याच दोन चाकांनी थोपवायचे. वरच्याच उतारावर गाडी नुसती आहे त्या वेगात धरून ठेवायला ५१० किलो लागतात. ताशी २० किलोमीटर वेग असताना थांबायचे म्हटले, तर उरलेल्या पकडीवर कोरड्या रस्त्यात सुमारे ५० मीटर लागतात. चिखलाच्या रस्त्यात हाच आकडा ३०० मीटरच्या घरात जातो. ब्रेक नवे असोत की जुने, पकडच नाही तर ब्रेक काय करणार? वळणावर समोरून एस.टी. किंवा शाळेची मुले आली तर ३०० मीटर कोठून आणायचे?

हंगामापूर्वी एवढे करावे

१. प्रत्येक ट्रॅक्टरची घसर खडू-टेपने एकदा मोजावी.

२. गट्टू झिजलेली टायर वाहतुकीला वापरू नयेत.

३. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडूनच ठेवावीत. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो.

४. उतारावर न्यूट्रल करू नये. उतार सुरू होण्याआधीच खालच्या गियरमध्ये यावे.

५. वाटेवर चढ-उतार असेल तर दोन ट्रॉल्या एकदम नेऊ नयेत. ट्रॉलीला ब्रेक असतील तर ते चालू ठेवावेत.

६. फडातून डांबरी रस्त्यावर येताना टायरचा चिखल काढावा. तो चिखल आपल्या मागून येणाऱ्याची पकड घालवतो.

७. मोळी माती झटकून बांधावी.

घसर मोजून आलेले आकडे गट कार्यालयात आणल्यास कोणते अवजार आणि किती वजन योग्य, याचा हिशोब शेतकी मदतनीस करून देतील. नवा ट्रॅक्टर घेण्यासाठी कर्जाचा अर्ज करण्याआधी हे जरूर करावे. पुष्कळ वेळा पन्नास अश्वशक्तीचे काम जुन्या ट्रॅक्टरच्या टायरात थोडे पाणी भरून भागते. उसाची खेप एक कमी झाली तरी चालेल, पण ट्रॅक्टर आणि चालक दोघेही संध्याकाळी धडपणे घरी परतले पाहिजेत.